आधी अंबाडी, मग दोर

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसलेल्या बायकांपुढे शिंदीच्या केरसुण्यांचे ढीग लागलेले असतात. पलीकडे कुंभाराच्या पणत्या आणि बोळकी, त्याच्या पुढे लाह्या-बत्तासे, झेंडूच्या राशी. गिऱ्हाईक केरसुणी हातात घेतं, मूठ दाबून बघतं, जमिनीवर एकदा हलकेच झटकतं आणि मगच भाव विचारतं. घरी नेल्यावर तिला हळद-कुंकू लागतं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती पूजेला बसते. दुसऱ्या दिवसापासून वर्षभर घराचा केर काढते. झिजून खुंट उरला की चुलीत जाते, नाहीतर उकिरड्यावर कुजून खत होते. तिचा कचरा असा मागे काही राहत नाही.

या अंकासाठी विषय ठरला तो घरच्या घरी करता येण्याजोग्या, निसर्गाला न ओरबाडणाऱ्या हस्तकलांचा. हा विषय घेऊन हिंगोली जिल्ह्यात फिरलं की दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. पहिली म्हणजे, कला अजून हातात आहे. साठी ओलांडलेल्या बाईला गोधडीची सुई धरायला शिकवावं लागत नाही आणि दोर वळणाऱ्याला पीळ कसा द्यायचा हे सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट काळजी वाढवणारी आहे. या हातांना लागणारं सामान वावरातून, ओढ्याकाठून आणि घरातल्या ट्रंकांमधून नाहीसं होत चाललं आहे. हस्तकला वाचवायची भाषा आपण खूप बोलतो. पण जिच्यापासून ती वस्तू होते त्या झाडाची, त्या पिकाची, त्या कापडाची चौकशी फारसं कोणी करत नाही.

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला लहान जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत एवढे पाच तालुके. कयाधू, पैनगंगा आणि पूर्णा या नद्या. बाहेरच्यांना तो औंढ्याच्या ज्योतिर्लिंगामुळे, संत नामदेवांच्या नर्सीमुळे आणि अलीकडे हळदीमुळे ठाऊक आहे. इथे मोठे कारखाने थोडे. त्यामुळे घरात लागणारी वस्तू घरात किंवा गावात करण्याची सवय इथे बराच काळ टिकली.

ओढ्याकाठची शिंदी

केरसुणी होते ती शिंदीच्या झावळ्यांपासून. शिंदी ही खजुराच्या कुळातली, कोणी न लावता वाढणारी. ओढ्याच्या काठी, पाणथळ पडिकात ती आपोआप उगवते. झावळ्या कोयत्याने तोडायच्या, उन्हात वाळवायच्या, मग प्रत्येक पान खिळ्यांच्या फणीवर ओढून बारीक चिरायचं. पानं टोकदार असतात, काम करणाऱ्याची बोटं सोलली जातात. चिरलेल्या पानांची जुडी बांधून मुठीशी वळवायची आणि शिंदीच्याच पातीने आवळायची. खिळा नाही, तार नाही, प्लॅस्टिक नाही. हे काम मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या कुटुंबांकडे आहे, आणि चिरण्या-बांधण्याचा मोठा वाटा बायकांचा असतो.

आता अडचण झावळ्यांची आहे. वावराची हद्द काठापर्यंत नेली की शिंदी जाते. ओढा यंत्राने सरळ केला की शिंदी जाते. धुरे कोरून पीक वाढवलं की तिथली झुडपंही जातात. मग केरसुणी करणाऱ्याला लांबून झावळ्या आणाव्या लागतात, आणि एवढं करून बाजारात तिची बरोबरी प्लॅस्टिकच्या दांड्याच्या झाडूशी होते. दिवाळीत जिला आपण हात जोडतो, तिच्या झाडाला ओढ्याकाठी चार हात जागा ठेवण्याइतकी ओळख आपण दाखवायला हवी.

शिंदीचा वापर घरात आणखीही होतो. पानांच्या पट्ट्या ओल्या असताना एकाआड एक विणल्या की चटई होते. लहान पट्ट्यांची परडी होते. शाळेतल्या मुलांना हे एका दुपारी शिकवता येतं. पट्ट्या विणण्यापूर्वी पाण्यात भिजवाव्यात, नाहीतर दुमडताना मोडतात, एवढी एक गोष्ट सांभाळली की बाकी हात आपोआप शिकतो.

धुऱ्यावरची अंबाडी

अंबाडीची भाजी मराठवाड्यात कोणाला सांगावी लागत नाही. आंबट पाला, त्यात ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ, वरून लसणाची फोडणी आणि सोबत भाकरी. पण अंबाडी नुसती भाजी नव्हती. ज्वारीच्या, तुरीच्या वावरात तिचे तास किंवा कडेच्या ओळी असत. कोवळी असताना पाला खुडायचा, मग तिला वाढू द्यायची. माणसापेक्षा उंच झाली, फुलून गेली की कापायची. पेंढ्या बांधून ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात दडपून ठेवायच्या. दहा-पंधरा दिवसांत साल सुटायला लागते. वास असा सुटतो की दुरून कळावं. मग पाण्यात उभं राहून साल ओढून काढायची, आपटून धुवायची आणि दोरीवर वाळत टाकायची. उन्हात वाळलेला हा वाख सोनेरी दिसतो. उरलेल्या काड्या पांढऱ्या, हलक्या, चूल पेटवायला उत्तम.

वाखाचा धागा ढेऱ्यावर काढतात. ढेरा म्हणजे लाकडाची फुली आणि मधोमध दांडी. एका हाताने ती फिरवत ठेवायची, दुसऱ्या हाताने वाख सोडत जायचं. गावच्या पारावर गप्पा मारत बसलेला म्हातारा माणूस बोलता बोलता कितीतरी सुतळी काढून ठेवायचा. त्या सुतळीला सुतळी जोडून, तीन पदर एकमेकांवर उलटा पीळ देऊन दोर होतो. धाग्याचा पीळ एका दिशेचा आणि दोराचा दुसऱ्या दिशेचा. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणूनच दोर गाठीशिवाय टिकून राहतो. दावं, कासरा, सोल, नाडा, चऱ्हाट, मुसकं, शिंकं, बाजेची वीण, एवढा संसार या एका झाडाच्या सालीवर उभा होता.

नायलॉन आलं आणि हे सगळं मागे पडलं. नायलॉनला दोष देऊन चालणार नाही. ते स्वस्त आहे, पावसात कुजत नाही, आणि विहिरीवरच्या दोराला ताकद लागते. पण बैलाच्या मानेला आणि वेसणीला नायलॉन काचतं, जखमा करतं, हे जनावर सांभाळणारा कोणीही सांगेल. तुटलेल्या नायलॉनचे तुकडे नांगरटीत वर येत राहतात, कुजत मात्र नाहीत. पोळ्याला अजूनही अनेक घरं बैलासाठी सुती किंवा अंबाडीचा कासरा आणि गोंडे शोधतात. शोधतात असं म्हणायचं, कारण अंबाडी आता बहुतेक वावरांत उरली नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीन बुटकं आणि झटपट निघणारं, मळणी यंत्राने एका दिवसात उरकणारं. त्याच्यात उंच अंबाडीची ओळ कोण ठेवणार? तणनाशकाच्या फवाऱ्याखाली ती टिकतही नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २००९ हे नैसर्गिक तंतूंचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. शेतकऱ्याचं उत्पन्न टिकावं आणि कृत्रिम धाग्याला पर्याय राहावा, हा त्यामागचा हेतू. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात त्याची सुरुवात अगदी लहान करता येते. परसात किंवा धुऱ्यावर जूनमध्ये अंबाडीचं मूठभर बी टाकावं. पावसाळाभर पाला खावा. दिवाळीच्या सुमाराला पोसलेल्या झाडांची साल काढावी. चार पेंढ्यांच्या वाखात घरातलं एक शिंकं, कुंडी टांगायच्या दोन जाळ्या आणि दारातलं एक पायपुसणं आरामात होतं. भिजवण्यासाठी तळ्याऐवजी पाण्याची जुनी टाकी चालते, आणि ते पाणी नंतर झाडांना घालता येतं. मोठ्या प्रमाणावर अंबाडी कुजवली की पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. म्हणून पिण्याच्या किंवा वाहत्या पाण्यात ती न दडपलेली बरी.

नर्सीच्या शिंप्याची सुई

संत नामदेवांचं घराणं शिंप्याचं. हिंगोलीपासून जवळच्या नर्सीला त्यांचं जन्मस्थान मानतात. पंजाबपर्यंत गेलेल्या आणि गुरू ग्रंथसाहिबात ज्यांची पदं समाविष्ट झाली, त्या या संताच्या गावाच्या पंचक्रोशीत सुई-दोऱ्याचं सर्वांत मोठं काम आजही घरोघरच्या बायकाच करतात, आणि ते काम म्हणजे गोधडी.

उन्हाळ्यात, शेतातली कामं सरली की गोधड्या निघतात. अंगण आधी सारवून घ्यायचं. त्यावर जुनं लुगडं ताणून अंथरायचं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे. त्यावर धोतराचा थर, फाटक्या सदऱ्यांचे तुकडे, पुन्हा एक साडी. खालचा आणि वरचा थर चांगला, मधले थर कसेही. आजीचं लुगडं शक्यतो वर यावं, असा अनेक घरांत आग्रह असतो. चार-पाच लुगडी एका मोठ्या गोधडीत सहज जिरतात. काठ दुमडून आधी कडेचा दोरा घालायचा आणि मग कडेकडेने आत सरकत जायचं, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. टाका साधा धावदोऱ्याचा, पण तो सगळ्या थरांतून आरपार जायला हवा आणि वर बारीक दिसायला हवा. दोन ओळींतलं अंतर बोटाच्या पेरापेक्षा जास्त झालं की आतले थर धुताना गोळा होतात. गोधडी वर्षानुवर्षं धुतली तरी सपाट राहते ती या अंतराच्या शिस्तीमुळे.

एका बाजूने दोघी-तिघी बसतात, दोरा भरत पुढे सरकतात. कोणाच्या माहेरची खबर, कोणाच्या लेकीचं लग्न, बोअरला लागलेलं पाणी, सगळं त्या दोऱ्याबरोबर चालू असतं. लहान बाळासाठी मऊ झालेल्या धोतराचं दुपटं वेगळं होतं. ते नव्या कापडाचं मुद्दाम करत नाहीत, कारण नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं.

गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. बंगालची कांथा याच धावदोऱ्याची बहीण, आणि पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे मात्र गोधडी दारिद्र्याची खूण समजून पाहुणे आले की आतल्या खोलीत ढकलली जायची. आता शहरांतल्या दुकानांत तीच मोठ्या किमतीला काचेआड दिसते, आणि ती शिवणाऱ्या बाईपर्यंत त्यातले किती रुपये पोचतात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

गोधडीचं सामानही बदललं. लुगडी आणि धोतरं जुन्या ट्रंकांतच उरली. आज घरात निघतात त्या कृत्रिम धाग्याच्या साड्या. त्या झुळझुळीत असतात, घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात आणि ठिणगीने वितळतात. अशा साड्यांची गोधडी होते, पण ऊब देत नाही. त्यावर बायकांनीच तोड काढली आहे. बाहेरचे दोन थर सुती चादरीचे किंवा जुन्या धोतराचे, आणि साड्या फक्त आत. टॉवेल, सुती कुर्ते, शाळेचे सुती गणवेश हेही आत चालतात. वाचकांना घरी करून बघायचं असेल तर लहान मुलाच्या अंथरुणाएवढ्या मापाने सुरुवात करावी, जाड सुती दोरा आणि लांब सुई घ्यावी, आणि मशीनवर मारण्याचा मोह टाळावा. मशीनचा टाका थर घट्ट आवळतो, त्यातली हवा जाते आणि ऊबही जाते.

तांड्यावरचे आरसे

सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. गोधडीचा टाका थर जोडतो, तर बंजारा कशिद्याचा टाका कापड घडवतो. जाड सुती कापडावर रंगीत दोऱ्यांची दाट भरणी, त्यात आरसे, कवड्या, जुनी नाणी, कडेला लोकरीचे गोंडे. फेट्या, कांचळी आणि टुकरी हा बाईचा पारंपरिक वेश असा भरायला महिनोन्‌महिने लागतात. त्याचं वजनही चांगलं भरतं. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेत म्हाताऱ्या बायांच्या अंगावर तो आजही दिसतो. तरुण मुली मात्र साडी किंवा पंजाबी ड्रेस घालतात, आणि यात त्यांची चूक नाही. मजुरीला जाताना आरशांचा भार कोण वागवेल?

या कशिद्याचं नवल असं की तो सारा उरलेल्या तुकड्यांतून उभा राहतो. जुन्या फेट्यातला चांगला राहिलेला भाग कापून नव्यावर जोडला जातो, जुन्या कवड्या नव्या पिशवीवर जातात. कर्नाटकातल्या संदूरच्या लंबाणी बायांनी हीच कला पिशव्या, उशांचे अभ्रे आणि ओढण्यांवर आणली, आणि संदूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या तांड्यांवर तेच हात आहेत, तोच टाका आहे. मराठवाड्यातल्या अनेक तांड्यांची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि सहा महिने घर बंद राहतं. कशिद्याला बैठक लागते. ती बैठक मिळेल एवढी मागणी आणि मजुरी गावात आली तरच हे काम पुढच्या मुलीपर्यंत जाईल. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्या बचत गटांचं जाळं जिल्ह्यात आहे. पापड-लोणच्यांबरोबर तांड्यावरचा कशिदाही त्या गटांच्या मांडणीवर यायला हवा.

हळदीचा पिवळा, पळसाचा केशरी

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा संशोधन केंद्र उभं राहत आहे, आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात. पिकल्यानंतर हळद काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि फिरत्या ढोलात घासून चकचकीत करायची. त्या दिवसांत सगळा परिसर पिवळा होऊन जातो. एवढी हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यात घरगुती रंग हळदीचाच असावा, हे साहजिक आहे.

हळदीतला रंग सुती कापडाला थेट चिकटतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात हळद घालायची, धुऊन ओलं केलेलं सुती कापड टाकायचं, अर्धा-पाऊण तास मंद आचेवर हलवत राहायचं. आधी तुरटीच्या पाण्यात कापड भिजवून घेतलं तर रंग जास्त टिकतो. तरी हळदीचा रंग उन्हाला कच्चा. तो उन्हात फिका पडतो, म्हणून कापड सावलीत वाळवायचं. साबण लागला की तो लालसर होतो, हे अंगावर वरणाचा डाग पडलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. मुलांना विज्ञान शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर चुन्याचं पाणी टाकलं की ती तांबडी होते आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी.

कुंकूही याच गुणावर होतं. नुसत्या चुन्याने आलेला लाल रंग थोड्या दिवसांत मातकट होतो. म्हणून जुन्या रीतीत हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार यांचा मेळ घालतात. टाकणखारातलं बोरॉन आणि लिंबाची आंबटाई मिळून हळदीच्या रंगाला पक्का तांबडा करतात. मिश्रण सावलीत वाळवून वाटायचं आणि वस्त्रगाळ करायचं. बाजारात कुंकू म्हणून कृत्रिम रंगाची भुकटीही विकली जाते आणि ती काहींच्या कपाळाची कातडी जाळते. हळदीच्या जिल्ह्यात तरी सवाष्णीच्या करंड्यात खरं कुंकू असावं. टाकणखार पोटात जाता कामा नये, त्यामुळे हे काम लहान मुलांपासून दूर करावं.

पळस कळमनुरी आणि औंढ्याच्या माळावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटल्यासारखा फुलतो. झाडाखाली पडलेली फुलं वेचून रात्रभर कोमट पाण्यात ठेवली किंवा उकळली की केशरी-पिवळं पाणी होतं. रंगपंचमीला तेच वापरावं. फुलं वाळवून ठेवली तर वर्षभर कामी येतात. फांद्या तोडायची गरज नाही, झाड स्वतःच खाली सडा घालतं.

पळसाचं पान, बांबूची चोय

पत्रावळीसाठी पळसाची पानं एकावर एक अर्धवट सरकवून बारीक चोयांनी टाचतात. उन्हाळ्यात पानं जमवायची, दडपून वाळवायची, लग्नसराईत विकायची. थर्माकोलच्या ताटांनी हा धंदा मोडीत काढला होता. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदी घातली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर. कायदा झाला, पण पंगतीत आली ती चांदीच्या रंगाचा मुलामा दिलेली कागदी ताटं. तो मुलामा प्लॅस्टिकचाच असतो. ती ना जनावर खातं ना माती खाते. गावच्या सप्ताहात, भंडाऱ्यात पळसाच्या पत्रावळीचा ठराव ग्रामसभेने करायला काहीच आडकाठी नाही.

बांबूचं सूप, टोपली, दुरडी, कणगी ही बुरूड कारागिरांची कामं. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतकऱ्याने धुऱ्यावर लावलेला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं आहे. कारागिराचं घर आणि बांबूचं बेट एकाच गावात असावं, याला आता कायद्याची अडचण नाही. घरी बांबूची वस्तू करायची तर तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. आतली साखर आणि पिष्ट कमी होतं आणि कीड कमी लागते.

रद्दीच्या लगद्याची टोपली ही तर शहरातल्या फ्लॅटमध्येही होणारी वस्तू. कागद फाडून दोन दिवस भिजवायचा, वाटलेल्या मेथ्यांबरोबर कुटायचा, पालथ्या घागरीवर सारखा थापायचा आणि सुकल्यावर सोडवून घ्यायचा. मेथ्यांमुळे लगदा चिकटतो आणि कीडही दूर राहते. मराठवाड्यातल्या घरांत बायका अशा टोपल्यांत कडधान्यं, सुक्या मिरच्या आणि वड्या ठेवत आल्या आहेत. पाणी मात्र लागू द्यायचं नाही.

शेण, गाळ आणि गवळणी

दिवाळीत मराठवाड्याच्या अंगणात शेणाच्या गवळणी उभ्या राहतात. सडा घातलेल्या जमिनीवर बोटभर उंचीच्या बाया, डोक्यावर शेणाचीच घागर, कानात झेंडूची पाकळी. शेजारी पेंद्या, गुरं, गोठा. एरवी ज्या लेकरांना शेणात हात घालायला नको वाटतं, ती त्या दिवशी आजीजवळ बसून घागर वळतात. सण सरला की या मूर्ती वाळून चुलीत किंवा उकिरड्यावर जातात.

गणपतीची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लॅस्टर ऑफ पॅरिसऐवजी नैसर्गिक मातीचा आग्रह धरला. शाडू माती बहुतांशी गुजरातेतून येते. म्हणजे मूर्ती मातीची असली तरी तिचा प्रवास लांबचा. आणि इथली काळी माती वाळताना भेगाळते. पण त्यावर कुंभारांची जुनी युक्ती आहे. ते गाळाच्या मातीत राख आणि लीद मिसळतात. घरी तळ्याचा गाळ चाळून, थोडी राख आणि कापसाचे बारीक तंतू मळून घेतले तर वीतभर मूर्ती न तडकता उभी राहते. पोळ्याचे बैल याच मातीचे करावेत, गणपतीही. वर ऑइलपेंट लावला की सगळं मुसळ केरात. रंग हवाच तर हळद, गेरू आणि काजळी पुरेशी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. पर्यावरणपूरक म्हणून शिकवलं जाणारं पुष्कळसं हस्तकाम तसं नसतं. प्लॅस्टिकच्या बाटलीवर थर्माकोलचे मणी आणि चमकी चिकटवली की ती बाटली भंगारवालाही घेत नाही. आधी ती निदान पुनर्वापराला गेली असती. शाळांच्या प्रकल्पांत हे दरवर्षी होतं. वस्तू जुनी झाल्यावर तिचं काय होणार, हा प्रश्न तिच्या सुरुवातीलाच विचारायला हवा. केरसुणी, पत्रावळ, वाखाचा दोर, सुती गोधडी, शेणाची गवळण या सगळ्यांकडे त्याचं उत्तर तयार आहे.

भाव

हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि त्यातलं प्रदर्शन बघायला जिल्हाभरातून माणसं येतात. अशा ठिकाणी पाळणे आणि खेळण्यांच्या गर्दीत दोर वळणारा, सूप विणणारी, गोधडी भरणारी आणि तांड्यावरची कशिदाकार यांना मोक्याची जागा मिळावी. ते तिथे काम करताना दिसावेत. आपल्या आजीला जे येतं ते बघायला पैसे देऊन लोक उभे राहतात, हे नातवाने पाहिलं की त्या कामाकडे बघण्याची त्याची नजर बदलते.

या कामांना जातीचा शिक्का चिकटलेला आहे, हेही विसरून चालणार नाही. दोर आणि केरसुणी एकाची, टोपली दुसऱ्याची, आणि मोबदला बलुत्याच्या चार पायल्या. ज्यांनी हे काम सोडलं त्यांनी अपमानही मागे सोडला. त्यांना पुन्हा त्याच कामाला लावण्यासाठी हस्तकलेचं कौतुक कोणी करू नये. जो करू इच्छितो त्याला पूर्ण भाव मिळावा आणि जो शिकू इच्छितो त्याने कोणत्याही घरातून येऊन शिकावं, ही वाट न्याय्य आहे. दिवसभर पानं चिरून बांधलेल्या केरसुणीवर पाच रुपयांची घासाघीस करणारा माणूस मोबाइलच्या कव्हरवर घासाघीस करत नाही.

या दिवाळीत केरसुणी विकत घ्याल तेव्हा सांगितलेला भाव द्या. घरातल्या जुन्या सुती साड्या भांडी घेऊन बोहारणीला देण्याआधी एक गोधडी भरेल एवढ्या बाजूला ठेवा. आणि पुढच्या जूनमध्ये, पहिला पाऊस झाला की, धुऱ्यावर, परसात किंवा गच्चीवरच्या जुन्या पिंपात अंबाडीचं मूठभर बी पेरा.